तिसऱ्या चौकोनातली मॅडम

निवृत्त झाले त्या दिवशी ऑफिसने मला एक कुंडी दिली आणि सगळ्यांच्या सह्या असलेलं एक कार्ड. कार्डावर आमच्या मॅनेजरबाईंनी लिहिलं होतं की माझ्याएवढं मोठं मन त्यांनी कुणाचं पाहिलं नाही. मी थँक यू म्हटलं, केक खाल्ला आणि ट्रेनने घरी आले. मोठं मन वगैरे काही नाही हो. त्या नोकरीत मी बहुतेक काळ जळत होते. जळणारी माणसं सगळीकडे असतात, पण खुर्चीवर बसून, पगार घेऊन, वर लोकांचे आभार स्वीकारत जळणारी मी एकटीच असेन. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या संपादकांनी दिवाळी अंकासाठी माझ्याकडे 'सेवाकार्यातले अनुभव' मागितले आहेत. सेवा ज्यांनी केली ते त्यांचं लिहितील. मी माझं लिहिते.

आधी काम काय होतं ते सांगते, कारण ऑस्ट्रेलियात मी राहते त्या टूनगॅबी उपनगरातल्या माझ्या शेजारणीला ते शेवटपर्यंत कळलं नाही. ती मला 'अनाथाश्रमवाली' म्हणायची. अनाथाश्रमाचा काही संबंध नव्हता. ऑस्ट्रेलियातला एखादा माणूस दरमहा थोडी रक्कम देतो आणि पुण्या-मुंबईच्या वस्तीतल्या एका मुलाचा स्पॉन्सर होतो. पैसे त्या मुलाच्या हातात जात नाहीत. वस्तीत एक केंद्र असतं, तिथला अभ्यासवर्ग, डॉक्टरांची तपासणी, वह्या-दप्तरं हे सगळं त्यातून चालतं. पण केंद्रावर कुणी माया करत नाही. मायेला चेहरा लागतो. म्हणून स्पॉन्सरला मुलाचा फोटो जातो, मग पत्रं सुरू होतात, आणि पत्रं मराठीत येतात म्हणून ऑफिसला माझ्यासारखी बाई लागते.

मुलाचं पत्र आलं की त्याखाली मी इंग्रजी लिहायचे. स्पॉन्सरचं पत्र आलं की त्याचं मराठी करायचे. दोन्हीकडून जाताना आडनाव, पत्ता, फोन नंबर यांवर काळी रेघ मारायची. 'तू माझ्याकडे राहायला ये' असलं काही कुणी लिहिलं असेल तर तेही खोडायचं, कारण गोरा माणूस ते गमतीने लिहितो आणि वस्तीतलं मूल पिशवी भरून तयार बसतं. पुढे मराठी टाइप करायची सोय आली तरी मी हातानेच लिहीत राहिले. माझं अक्षर चांगलं आहे. शाळेत फळ्यावर सुविचार लिहायला मलाच बोलवायचे, आणि त्यावरूनही मुली माझ्यावर जळायच्या. तेव्हा हा रोग मला दुसऱ्या बाजूनेही ठाऊक आहे.

या धंद्यात सगळे एकमेकांवर जळतात हे मला लवकर कळलं. एक बाई दर दोन महिन्यांनी फोन करायच्या. त्यांच्या मैत्रिणीचा मुलगा पानभर लिहितो आणि यांची मुलगी चारच ओळी, असं का? मी सांगायचे की तो दहा वर्षांचा आहे आणि तुमची सहा. त्यावर त्या म्हणायच्या, मग मला दहा वर्षांचं द्यायला हवं होतं. एका जोडप्याचा घटस्फोट झाला. घर विकलं, कुत्रा नवऱ्याकडे गेला, आणि धारावीतल्या एका मुलावरून दोघं अडून बसले. मूल दोघांनीही पाहिलेलं नव्हतं. ऑफिसात बैठका झाल्या. तो मुलगा बिचारा मधल्या काळात दोघांच्या नावाने एकच पत्र लिहीत राहिला आणि मी त्याच्या दोन प्रती काढत राहिले.

आपल्या लोकांचं वेगळंच. आमच्या जवळच्याच क्वेकर्स हिलचा एक आयटीवाला, मूळचा कोथरूडचा, हडपसरच्या एका मुलाचा स्पॉन्सर झाला. महिन्याभरात त्याचा फोन. "मावशी, तो गणितात मागे का? क्लास लावलाय का? मार्कशीट स्कॅन करून पाठवायला सांगा ना." मी म्हटलं, "अरे, तू त्याला स्पॉन्सर करतोयस, दत्तक नाही घेतलंस." तर म्हणाला, "तेच हो, पण फॉलोअप नको का?" गोरी माणसं स्पॉन्सर झाली की आजी-आजोबा होतात आणि आपली माणसं झाली की पालक होतात. मुलांना कोण आवडत असेल ते सांगायला नको.

आता डोरीन. टूवूंबाच्या बाहेर, गाव संपून शेतं सुरू होतात तिथे ती एकटी राहायची. हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची नर्स होती, निवृत्त झाली आणि कोंबड्या पाळायला लागली. वॉर्डातल्या ज्या ज्या सिस्टर तिला छळायच्या त्यांची नावं तिने कोंबड्यांना दिली होती. पुण्यात कालव्याच्या कडेला एक वस्ती आहे, तिथली रोशनी ही तिची स्पॉन्सर केलेली मुलगी. पहिलीत असताना फोटो गेला होता, दोन वेण्या आणि समोरचा एक दात पडलेला.

रोशनीची सुरुवातीची पत्रं सगळ्या मुलांची असतात तशीच होती. केंद्रातली ताई फळ्यावर मजकूर लिहून देते आणि मुलं उतरवतात: 'प्रिय डोरीन मॅडम, मी बरी आहे, तुम्हीही बऱ्या असाल.' त्यात माया करण्यासारखं काही नसतं. पण डोरीन फार छान लिहायची. साधं लिहायची. कोंबड्या, वारा, गाडीचं टायर, बस नाही म्हणून गाडी चालवता येते तोवरच आपलं इथे राहणं. ती पत्रात रोशनीला 'लव्ह' म्हणायची, 'डार्ल' म्हणायची, टपऱ्यांवरच्या बाया इथे सगळ्यांना म्हणतात तसं. त्याचं मी 'बाळा' करायचे, कधी 'राणी', कधी 'सोन्या'. डोरीनच्या कोंबड्या मराठीत आणताना मला फार मजा यायची. त्या मराठीत जास्त नखरेल व्हायच्या हे मी मान्य करते.

मग एका वर्षी कोल्ह्याने डोरीनची एक कोंबडी नेली आणि तिने लिहिलं की मी म्हातारी बाई, पण रडले. त्यावर रोशनीचं उत्तर आलं. ते फळ्यावरचं नव्हतं. 'डोरीनआजी, तू रडू नको. कोल्ह्याला पण पिल्लं असतील. तू दुसरी कोंबडी आण आणि तिचं नाव रोशनी ठेव.'

मी ते पत्र हातात धरून बसले. मॅडमची आजी झाली ते इंग्रजीत सांगता येत होतं. पण 'तुम्ही'चं 'तू' झालं ते कसं सांगू? इंग्रजीत दोन्हीला 'यू'. राजाला यू आणि कुत्र्याला यू. वस्तीतल्या त्या पोरीने टूवूंबाच्या बाईला एका अक्षरात घरात घेतलं होतं, चुलीपाशी पाट मांडून दिला होता, आणि त्या बाईला ते कधी कळणारही नव्हतं. मी खाली समासात एक टीप लिहिली की मुलीने आता तुम्हाला जवळच्या माणसासाठी वापरतात ते सर्वनाम वापरलं आहे. वाचून पाहिली तर व्याकरणाच्या पेपरातली वाटली. तरी पाठवली. डोरीनचं उत्तर आलं, 'दॅट्स नाइस.' बास.

इथून माझं जळणं सुरू झालं आणि का जळत होते ते स्पष्टच लिहिते. ते 'तू' ज्या पत्रांना मिळालं ती पत्रं माझ्या अक्षरात होती. ते 'राणी' आणि 'सोन्या' माझे होते. माझ्या घरात मला मराठीत 'तू' म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. नवरा गेला, आणि मुलगी ईशा, इथेच जन्मलेली, मी मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर द्यायची. ती मला मम म्हणते. तिच्या 'यू'मधून मी तू आहे की तुम्ही, हे मला कधी कळलं नाही.

आणि मग कोविड आला. विमानं बंद झाली, टपाल बंद झालं. वस्तीतून काही येईना आणि इथले स्पॉन्सर घाबरून फोन करायला लागले. आम्ही सगळे घरून काम करत होतो. तेव्हा ऑफिसने ठरवलं की स्पॉन्सर आणि मूल यांना व्हिडिओ कॉल करून द्यायचा, कुणीतरी देखरेखीला बसून. आधी कधी अशी परवानगी नव्हती. स्क्रीनवर तीन चौकोन असायचे: एकात स्पॉन्सर, एकात मूल आणि तिसऱ्यात दुभाषी, म्हणजे मी, टूनगॅबीच्या डायनिंग टेबलावर, पाठीमागे फ्रिज.

रोशनीचा पहिला कॉल मला लख्ख आठवतो. केंद्रातल्या संगीताताई स्वतःचा फोन घेऊन तिच्या दारात गेल्या होत्या. तिकडे सकाळ, इकडे दुपार. रोशनी आता बारा वर्षांची, दात आलेला, ओढणी नीट घेऊन बसलेली. टूवूंबाकडून अर्धा चेहरा आणि छतावरचा पंखा दिसत होता, कारण डोरीनला आयपॅड कसा धरायचा ते शेवटपर्यंत जमलं नाही. रोशनीने एका दमात विचारलं, "आजी, तू जेवलीस का? कोल्हा परत आला का?" डोरीन नुसती हसत राहिली. मी इंग्रजीत सांगितलं. तिने इंग्रजीत उत्तर दिलं. मी मराठीत सांगितलं.

रोशनीने एकदा डोरीनकडे पाहिलं. मग माझ्या चौकोनाकडे बघून म्हणाली, "आजीला मराठी येत नाही?"

इतकी वर्षं तिला वाटत होतं की डोरीनच मराठी लिहिते. केंद्रात तिला कुणीतरी सांगितलंही असेल, पण ऐकून घ्यायचं नसेल तर मुलं ऐकत नाहीत. मी म्हटलं, "आजी इंग्रजीत लिहितात बाळा, मी मराठीत करते."

"म्हणजे अक्षर तुमचं आहे?"

"हो."

"छान आहे, मॅडम," ती म्हणाली आणि दुसऱ्या चौकोनाकडे वळली. "आजी, तू रोशनी दाखव ना. रोशनी कोंबडी."

झालं. वर्षानुवर्षांच्या पत्रांचा माझा हिशेब तेवढ्यात चुकता झाला. मला 'तुम्ही', मला 'मॅडम'. डोरीन आयपॅड घेऊन अंगणात गेली आणि पुढची दहा मिनिटं आम्ही तिचे बूट पाहिले.

दुभाष्याच्या कामाचा एक नियम इथे सांगितला पाहिजे. बाहेरच्याला तो विचित्र वाटतो. समोरचा जे बोलेल ते आपण 'मी' म्हणूनच बोलायचं. 'त्या म्हणतात की त्यांचा गुडघा दुखतो' असं म्हणायचं नाही. 'माझा गुडघा दुखतो' म्हणायचं. दुभाष्यांच्या परीक्षेत यावरच मार्क जातात. कारण 'त्या म्हणतात' म्हटलं की ऐकणारा दुभाष्याकडे बघायला लागतो आणि खरी दोन माणसं एकमेकांपासून लांब जातात. दुभाष्याने काच व्हायचं. तर दर पंधरवड्याला मी टूनगॅबीत बसून मराठीत म्हणायचे, "मला तुझी आठवण येते गं राणी," आणि ते माझं नसायचं. रोशनी माझ्या तोंडून ऐकायची आणि हसायची डोरीनकडे बघून.

एकदा कॉल संपल्यावर ईशा तिच्या खोलीतून पाणी प्यायला आली. तिची युनिव्हर्सिटी ऑनलाइन चालली होती, दिवसभर दार बंद. म्हणाली, "मम, यू साऊंड वीअर्ड व्हेन यू टॉक टू दॅट किड."

"वीअर्ड म्हणजे?"

"आय डोन्ट नो. सॉफ्ट." ग्लास सिंकमध्ये ठेवून ती आत गेली. मी तुझ्याशीही तसं बोलले असते, तू ज्या भाषेत उत्तर देतेस त्या भाषेत मला सॉफ्ट होता येत नाही, असं तिला सांगायचं राहिलं. म्हणजे माझ्या घरातही आणखी कुणीतरी जळत होतं की काय, हा विचार माझ्या मनात आला आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं.

दुसऱ्या लाटेच्या वर्षी गोष्टी बिघडल्या. इकडे आमच्या भागात कडक लॉकडाऊन, पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही. तिकडे पुण्यात रोशनीची आई सुनीता स्वयंपाकाची कामं करायची, ती सगळी सुटली होती. सोसायट्यांनी बायांना गेटच्या आत घेणं बंद केलं होतं. मांडव घालणारा नवरा घरी बसून होता. केंद्राकडून शिधा जायचा. सुनीता कॉलमध्ये कधी दिसली नाही, पण ऐकू यायची. एका खोलीचं घर, ती फोनच्या मागेच चुलीपाशी असायची. "रोशने, ओढणी नीट कर." "रोशने, दूध बघ." आणि रोशनी आजीशी गोड बोलता बोलता मागे वळून ओरडायची, "अगं आई, थांब ना!"

एव्हाना रोशनीचं इंग्रजी सुधारलं होतं. अभ्यासवर्ग मोबाइलवर चालायचे, पण खरी शिकवणी डोरीनची. मी तोंड उघडायच्या आत पोरगी उत्तर द्यायला लागली. नोकरीच्या दृष्टीने ही आनंदाची गोष्ट होती. मला आनंद झाला नाही. काचेतून आरपार बघता येणं वेगळं आणि काचच काढून ठेवणं वेगळं.

त्या दिवशी रोशनीने पहिल्यांदा भाकरी थापली होती. फोनसमोर धरून म्हणाली, "आजी, आय मेड. राउंड. नो क्रॅक."

डोरीनने टाळी वाजवली. "दॅट्स माय गर्ल!"

आता हे इंग्रजी ज्यांना ठाऊक आहे त्यांना मी काय सांगणार? याचा अर्थ 'शाब्बास पोरी'. फुटबॉलच्या मैदानावर बाप म्हणतो, दुकानात शेजारीण म्हणते, कुत्र्यालाही म्हणतात. मी 'शाब्बास' म्हणायला तोंड उघडलं होतं. पण रोशनीला शब्द न् शब्द कळला होता, आणि कळला याचाच तिला आनंद झाला होता. ती गर्रकन मागे वळली.

"आई, आजी म्हणतीय मी तिची मुलगी आहे!"

मागे भांड्यांचा आवाज थांबला. मग सुनीता म्हणाली, "बंद कर तो फोन." आणि रोशनीचा चौकोन काळा झाला. डोरीनने पंख्याकडून विचारलं, "हॅव वी लॉस्ट हर?"

दुसऱ्या दिवशी संगीताताईंचा फोन आला. "मॅडम, सुनीताताई म्हणतात पोरीचं नाव काढा. तिला सोलापूरकडं मामाकडं पाठवणार आहेत."

आमच्याकडे 'नाव काढणं' ही फार वाईट गोष्ट. मूल केंद्राच्या भागातून बाहेर गेलं की स्पॉन्सरशिप बंद होते, त्याला इलाज नसतो. इतर वेळी गावी गेलेली मुलं जूनमध्ये परत येतात. त्या वर्षी शाळाच बंद होत्या, त्यामुळे परत येण्याचं कारणच उरलं नव्हतं. मामाकडे गुरं होती आणि मामीला मदतीला कुणी नव्हतं. अशी गेलेली मुलगी सातवीत थांबते ती थांबतेच, हे मी आलेल्या आणि न आलेल्या पत्रांवरून शिकले होते. तरी संगीताताईंचा फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं? बरं झालं. आता टूवूंबालाही कळेल, 'तू' म्हणणारं कुणी नसलं की कसं वाटतं ते. हे क्षणभरच आलं, पण आलं. दुसऱ्या क्षणी मी संगीताताईंना परत फोन करून म्हटलं की मला सुनीताताईंशी बोलू द्या.

संध्याकाळी फोन लागला. मी समजावलं: अहो, ती इंग्रजीतली बोलायची पद्धत आहे, त्याचा अर्थ शाब्बास, पोरीने शब्दशः घेतलं.

"असंल," सुनीता म्हणाली. "पण पोरीला तसं वाटलं ना? गोड वाटलं ना तिला? मी तोंड बघितलं तिचं."

चूक शब्दाची होती, पण तोंड काही चुकीचं नव्हतं.

"भाकरी थापायला कुणी शिकवली? मी. हात भाजला तेव्हा तेल कुणी लावलं? मी. अन् शाब्बास कोण म्हणणार, ती. मला कुठं सुचतंय शाब्बास, मॅडम? सकाळी उठल्यापासून आज काय शिजवायचं हेच डोक्यात. दर पंधरा दिवसांनी ही पोरगी वेणी घालून बसती तिच्यासाठी. तिला तू म्हणती. मलाबी तूच म्हणती. मग फरक काय राहिला?"

"मला तर तुम्ही म्हणते," मी म्हटलं. कसं तोंडातून निघालं कोण जाणे.

"मग तुमचं बरंय," ती म्हणाली. "तुमच्यावर कुणी रागवायचं नाही."

मी तिला शाळेचं सांगितलं, सातवीचं सांगितलं, मामीच्या गुरांचं सांगितलं. ते तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. शेवटी ती म्हणाली, "मला बोलायचंय त्या बाईशी. स्वतः. मग बघते पाठवायची का नाही ते. बस सोमवारची आहे."

शुक्रवारी कॉल ठरला. डोरीनला मी एवढंच सांगितलं की मुलीच्या आईला तुमच्याशी बोलायचं आहे आणि यावर मुलीचं राहणं अवलंबून आहे. डोरीन म्हणाली, "राइट-ओ," म्हणजे बरं, आणि कॉलची वेळ दोनदा विचारून घेतली. मी माझ्याकडून हजार वाक्यं तयार केली होती, पण दुभाष्याची वाक्यं कुणाच्या कामाची नसतात.

सुनीता स्क्रीनवर आली. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. माझ्या मनात तिचं वय पुष्कळ होतं. ही तिशीची, सडपातळ, डोक्यावरून पदर घेतलेली, कपाळावर मोठी टिकली. चुलीवर दूध ठेवलेलं मागे दिसत होतं. पोरीला तिने बाहेर काढलं होतं. दाराच्या फटीतून ओढणीचं टोक मात्र दिसत होतं.

"विचारा त्यांना," सुनीता म्हणाली, "तुम्हाला मुलं किती?"

मी विचारलं. डोरीन म्हणाली, "नन, लव्ह. नेव्हर हॅपन्ड."

"मला मूल नाही," मी म्हटलं. "झालंच नाही."

"अन् मालक?"

"नवराही नाही. तेही झालं नाही."

सुनीताने पदर सारखा केला. मग जे सांगायला ती बसली होती ते तिने सांगितलं, हळू आवाजात, एकेक शब्द सुटा करून. "पोरगी माझी आहे."

"शी इज माय डॉटर," मी म्हटलं. माझा आवाज मलाच फार मोठा वाटला.

"ऑफ कोर्स शी इज," डोरीन म्हणाली. आणि पहिल्यांदाच तिने तो आयपॅड टेबलावर कशाला तरी टेकवला असावा, कारण पंखा गेला आणि तिचा पूर्ण चेहरा दिसला. उन्हाने रापलेला, सुरकुतलेला, बिनचष्म्याचा. ती सुनीताकडे बघत बोलायला लागली आणि मी तिच्या मागोमाग मराठीत जात राहिले, नियमाप्रमाणे.

"मला प्रत्येक वेळी मागून तुमचा आवाज येतो. तुम्ही तिच्यावर ओरडता आणि ती तुमच्यावर ओरडते. काय बोलता ते मला कळत नाही, बहुतेक दुधाचं असावं. ती माझ्याशी फार गोड बोलते. माझ्यावर ती कधी ओरडली नाही. फोन ठेवला की घर इतकं शांत होतं की मी जाऊन कोंबड्यांचं खुराडं घासत बसते, घासायची गरज नसली तरी." इथे डोरीन थांबली आणि म्हणाली, "आय'म दॅट जेलस ऑफ यू."

'हेवा' हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. परीक्षेत त्याला मार्क मिळाले असते. पण वस्तीत हेवा कुणी म्हणत नाही, आणि माझ्या घरातही जे चाललं होतं त्याला हेवा म्हणण्याइतकी मी सभ्य नव्हते. पलीकडे ईशाच्या खोलीचं दार बंद होतं. आतून तिच्या लेक्चरचा आवाज येत होता.

"मी तुमच्यावर जळते," मी म्हटलं. "फार जळते."

सुनीता एकदम माझ्या चौकोनाकडे वळली. फोनच्या अगदी जवळ आली.

"कोण?" तिने विचारलं. "त्या का तुम्ही?"

दुभाष्याने अशा वेळी काय म्हणायचं तेही नियमात आहे. 'मी फक्त भाषांतर करते.' ते वाक्य मला पाठ होतं.

"दोघी," मी म्हटलं.

डोरीन विचारत होती, काय म्हणाली, काय म्हणाली ती. मी तिला काहीच सांगितलं नाही. सुनीता एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होती, ऑस्ट्रेलियात घर असलेल्या, पोटाची ददात नसलेल्या दोन बायांकडे. तिचं हसू फार हळू आलं, आधी डोळ्यांत, मग तोंडावर पदर गेला.

"मग जळा," ती म्हणाली.

आणि दाराकडे वळून तिने हाक मारली, "रोशने, ये. आजी थांबलीय. तू बोल, दूध मी बघते."